घाटातला जादा दिवा

सह्याद्रीच्या माथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या ज्या अनेक वाटा आहेत, त्यांत आंबोलीच्या घाटाइतके पावसाचे आणि धुक्याचे साहचर्य फारच थोड्यांच्या वाट्याला आले असेल. वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस जेथे पडतो, तेथे आषाढ-श्रावणात दिवसा बारा वाजताही गाडीच्या नाकापुढचा रस्ता दिसेनासा होतो, आणि कठड्याचा पांढरा रंग कोठे संपला व दरी कोठे सुरू झाली हे ओळखण्यासाठी चालकाला काच खाली करून मान बाहेर काढावी लागते. वेंगुर्ल्याचे बंदर आणि बेळगावची छावणी यांना जोडणारा हा मार्ग इंग्रजी अमदानीत सैन्याच्या रसदीसाठी महत्त्वाचा ठरला. आज याच वाटेने किनाऱ्याची मासळी वर चढते आणि घाटमाथ्यावरचा भाजीपाला, दूध व गूळ सावंतवाडीकडे आणि पुढे गोव्याकडे उतरतो. हा माल वाहणाऱ्या टेंपोंच्या व ट्रकांच्या दर्शनी भागाकडे कोणी लक्षपूर्वक पाहील, तर कारखान्यातून आलेल्या दोन दिव्यांखेरीज बंपरावर आणखी दोन, क्वचित चार दिवे मागाहून बसवलेले त्याला आढळतील. ते दिवे, त्यांना चालवणारे चालकासमोरचे बटण आणि या दोहोंच्या मध्ये दृष्टीआड पसरलेली तार, हा या लेखाचा विषय आहे. यांपैकी तार ही सर्वांत अधिक दुर्लक्षित असून सर्वांत अधिक जबाबदारीची आहे, असे माझे मत या शोधात दृढ होत गेले.

मुळात जादा दिव्याची गरज का पडते? गाडीचा मुख्य दिवा दूरवर प्रकाश फेकण्यासाठी घडवलेला असतो. धुक्यात नेमका हाच त्याचा गुण दोषरूप होतो. धुके म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे सूक्ष्म थेंब. त्यांचा व्यास साधारणपणे पाच ते वीस मायक्रॉन, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कित्येक पट मोठा. दिव्याचा झोत डोळ्यांच्या रेषेजवळून पुढे गेला की या थेंबांवरून विखुरलेला प्रकाश परत चालकाच्याच डोळ्यांत येतो, आणि अप्पर लावला तर समोर केवळ पांढरेपणा उरतो. यावर उपाय एकच. दिवा खाली, बंपराच्या पातळीला बसवावयाचा आणि त्याचा झोत रुंद, चपटा व वरून एकदम कापलेला ठेवावयाचा, म्हणजे प्रकाश धुक्याच्या पोटाखालून रस्त्याच्या कडेपर्यंत पोहोचतो आणि डोळ्यांच्या उंचीवरचे थेंब उजळत नाहीत. पिवळा दिवा धुके भेदतो, हा समज आपल्याकडे सार्वत्रिक आहे. फ्रान्ससारख्या देशाने तर १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९३पर्यंत मोटारींना पिवळेच दिवे सक्तीचे केले होते. परंतु थेंब तरंगलांबीपेक्षा एवढे मोठे असताना विखुरण्याच्या बाबतीत पिवळ्या-पांढऱ्यात म्हणण्यासारखा भेद राहत नाही. पिवळा प्रकाश काही डोळ्यांना सौम्य वाटतो, एवढे त्याचे श्रेय मान्य करावे. दिव्याची उंची आणि झोताचा आकार यांचे श्रेय मात्र त्याला देऊ नये.

मोटारीचा दिवा विजेवर आला त्याला शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला. आरंभीच्या गाड्यांना कार्बाइडचे दिवे असत. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकवून निघणाऱ्या ॲसिटिलीन वायूची ज्योत काचेमागे जळत असे. आपल्या जत्रांतून आणि तमाशाच्या फडांतून ज्यांनी कार्बाइडची बत्ती पाहिली आहे, त्यांना तिचा उग्र दर्प सांगावयास नको. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र आले, १९१३ साली जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने डायनॅमो, नियामक आणि दिवे असा संपूर्ण संच विक्रीस काढला, आणि १९६२ साली युरोपात मोटारीसाठी हॅलोजनचा पहिला बल्ब आला. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला १९१५पासून विजेचे दिवे मिळाले खरे, पण ते इंजिनच्या मॅग्नेटोवर चालत असल्यामुळे गाडी हळू झाली की मंदावत आणि वेग घेतला की प्रखर होत. म्हणजे चढावर, वळणावर, जेथे प्रकाश सर्वांत अधिक हवा तेथेच तो आटत असे. दिव्यापर्यंत पोहोचणारा विद्युत्दाब कमी-अधिक झाला म्हणजे काय होते, याचा तो जुना आणि स्पष्ट धडा होय.

हा धडा आजही रोज कोठे गिरवला जातो, हे पाहण्यासाठी मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेलो. ओतकामाचे कारखाने, लेथ यंत्रे आणि सुट्या भागांची दुकाने यांनी गजबजलेल्या या वसाहतीत मोटारीच्या विद्युतकामाचे गाळे तुलनेने लहान आणि शांत आहेत. ज्यांच्या गाळ्यात मी बसलो, त्या वयोवृद्ध कारागिराला आसपासचे सर्व लोक ‘मिस्त्री’ या एकाच नावाने हाक मारतात. भिंतीवर जुन्या आर्मेचरांची रांग, टेबलावर क्रिम्पिंगची पकड, निरनिराळ्या मापांच्या थिंबलांच्या डब्या, मल्टिमीटर, आणि दोन तारा जोडलेला एक साधा बल्ब, ज्याला ते टेस्ट लॅम्प म्हणतात. पावसाळा तोंडावर आला की त्यांच्याकडे घाटात जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागते.

त्या दिवशी आलेला चालक गूळ घेऊन सावंतवाडीच्या बाजूला नेमाने जाणारा तरुण होता. नवे हॅलोजनचे दोन दिवे त्याने आधीच विकत आणले होते, आणि सोबत एक लहानसे लाल बटणही.

“मिस्त्री, ब्याटरीवरनं तार बटणाला आन् बटणावरनं दिव्यास्नी, एवढंच करा. रिलेचं पैसं वाचवा की.”

मिस्त्रींनी बटण हातात घेऊन उलटे केले आणि त्याच्या पाठीवर उमटवलेला आकडा त्याला वाचावयास लावला. बटण तीन अँपिअरचे होते.

“पावनं, दिवं किती वॅटचं?”

“पंचावन्नचं. दोन.”

“मग गाडी हिथंच ठेवा. डायरेक्ट पायजे असंल तर दुसरीकडं जावा. मी न्हाई करत.”

या नकारामागचे गणित सोपे आहे, आणि ते सविस्तर मांडण्याजोगे आहे. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट. बारा व्होल्टच्या गाडीत त्यांना सुमारे नऊ अँपिअर प्रवाह लागतो. शिवाय थंड तंतूचा रोध तापलेल्या तंतूच्या दशांशाइतकाच असल्याने बटण दाबताक्षणी, निमिषमात्र का होईना, याच्या कित्येक पट प्रवाह धाव घेतो. तीन अँपिअरच्या बटणातील पितळी पट्ट्या एवढा भार सोसू शकत नाहीत. प्रत्येक वेळी त्यांच्या टोकांवर ठिणगी पडते, टोके काळवंडतात, त्यांचा रोध वाढतो, आणि रोध वाढला की तेथेच उष्णता साठू लागते. सैल किंवा जळक्या सांध्याचा रोध ओहमचा केवळ दहावा हिस्सा असला, तरी नऊ अँपिअरला तेथे आठ वॅटांहून अधिक उष्णता निर्माण होते. नखाएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या वेष्टनात, डॅशबोर्डाच्या मागे, जेथे ना हवा खेळते ना कोणाची नजर पोहोचते, तेथे ही उष्णता तासन् तास कोंडली जाते. बटण वितळल्याच्या, डॅशबोर्डातून धूर आल्याच्या ज्या कहाण्या चालकांच्या तोंडी ऐकू येतात, त्यांपैकी बऱ्याच कहाण्यांचे मूळ या आठ वॅटांत असते.

दुसरी हानी प्रकाशाची. बॅटरीपासून डॅशबोर्डापर्यंत आणि तेथून परत बंपरापर्यंत तार नेली तर तिची लांबी सहज सहा मीटर भरते. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा एवढ्या लांबीत रोध सुमारे एक दशांश ओहम होतो आणि नऊ अँपिअरला जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. तेरा व्होल्टांतून एक व्होल्ट गेला तर काय बिघडले, असे कोणासही वाटेल. परंतु तंतूच्या दिव्याचा प्रकाश विद्युत्दाबाच्या सरळ प्रमाणात घटत नाही. तो त्या प्रमाणाच्या साधारण साडेतीनाव्या घाताने घटतो. दाब सात टक्क्यांनी उतरला की प्रकाशाचा पाव हिस्सा जातो. म्हणजे चालकाने पैसे मोजले पूर्ण दिव्याचे, आणि घाटात पोहोचला पाऊण दिवा. उरलेला पाव त्याने तार तापवण्यात घालवला.

येथे रिलेचे प्रयोजन येते. जुन्या कारभारात मामलेदार कचेरीतून रक्कम द्यावयाची झाली, तर अंमलदार स्वतः नाणी मोजून देत नसे. तो चिठ्ठीवर सही करी, आणि त्या हुकुमाबरहुकूम रक्कम खजिन्यातून परस्पर रवाना होई. रिलेने बटणाला असेच नुसते सही करणारा अंमलदार करून सोडले आहे. त्या चौकोनी काळ्या डबीत तांब्याच्या बारीक तारेचे एक वेटोळे असते. बटण दाबले की त्यातून सुमारे दीडशे मिलिअँपिअर, म्हणजे दिव्यांच्या प्रवाहाच्या साठाव्या हिश्शाइतका प्रवाह जातो, लोखंडी गाभा चुंबक होतो, आणि तो एक जाड पट्टी ओढून बॅटरी व दिवे यांमधला मुख्य मार्ग जोडतो. ही युक्ती मोटारीच्या जन्माआधीची आहे. अमेरिकेत जोसेफ हेन्री या शास्त्रज्ञाने १८३०च्या दशकात तिचा वापर केला, आणि पुढे तारायंत्रात, मैलोगणती लांब तारेतून क्षीण होऊन आलेल्या प्रवाहाकरवी दुसऱ्या टोकाचे ताजे मंडल चालू करण्यासाठी ती सार्वत्रिक झाली. मुंबईची तार कलकत्त्यास ज्या तत्त्वाने पोहोचू लागली, त्या तत्त्वावर आज गुळाच्या टेंपोचा दिवा पेटतो.

रिलेच्या पाठीवर चार आकडे कोरलेले असतात: ३०, ८७, ८५ आणि ८६. हे आकडे जर्मन मानकातून आले आणि जगभर रूढ झाले; कोल्हापुरात घेतलेली डबी असो वा कोलोनची, ३० म्हणजे बॅटरीकडून येणारा कायमचा प्रवाह, ८७ म्हणजे दिव्याकडे जाणारी वाट, आणि ८५ व ८६ ही वेटोळ्याची दोन टोके. मिस्त्रींनी या आकड्यांचा क्रम शाळेत नव्हे, तर आपल्या वस्तादाच्या हाताखाली पाठ केला. आता ते स्वतः दोन मुलांकडून तो पाठ करवून घेतात. ट्रकांची विद्युत्व्यवस्था चोवीस व्होल्टची असते आणि बहुतेक लहान टेंपोंची बारा व्होल्टची. बारा व्होल्टचा रिले चोवीस व्होल्टच्या गाडीत बसवला तर वेटोळे जळून जाते, म्हणून डबीवरचा तो मजकूर वाचल्यावाचून त्यांच्या गाळ्यात कोणी रिलेला हात लावीत नाही.

काम सुरू झाले ते बॅटरीची ऋण बाजू सोडवून. नंतर मिस्त्रींनी सर्वप्रथम जी वस्तू बसवली, ती फ्यूज होय, आणि ती त्यांनी बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत बसवली. या एका गोष्टीवर त्यांचा जो कटाक्ष आहे, त्याचे कारण त्यांच्याच शब्दांत द्यावयास हवे.

“लोकास्नी बटण दिसतंय, दिवा दिसतोय. फ्यूज कुणाला दिसत न्हाई. दिव्यापाशी फ्यूज लावून काय उपेग? ब्याटरीपास्नं दिव्यापातूर जी तार हाय, तिला कोण राखणार?”

फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी आहे, असा अनेक सुशिक्षितांचाही समज असतो. वस्तुतः तो तारेच्या रक्षणासाठी आहे. बॅटरीतून निघालेली तार कोठेही पत्र्याच्या धारेवर घासून तिचे वेष्टन कापले गेले आणि तांबे गाडीच्या अंगाला लागले, तर साधी मोटारीची बॅटरीसुद्धा शेकडो अँपिअर प्रवाह ओतू शकते. एवढ्या प्रवाहात तार काही क्षणांत लाल होते, तिचे वेष्टन पेटते, आणि शेजारून जाणाऱ्या इतर तारांना व इंधनाच्या नळीला त्याची आच लागते. फ्यूजच्या अलीकडे जेवढी तार राहील, तेवढी निराधार. म्हणून ती वीतभरच ठेवावयाची. या दोन दिव्यांसाठी त्यांनी निळ्या रंगाचा पंधरा अँपिअरचा फ्यूज निवडला आणि अडीच चौरस मिलिमीटरची तार. तार फ्यूजपेक्षा अधिक प्रवाह सोसणारी हवी, हा हिशेब उलटा झाला तर फ्यूजच्या आधी तार जळेल. फ्यूज वारंवार जातो म्हणून हिरवा, म्हणजे तीस अँपिअरचा बसवून देणारे, किंवा त्याच्या जागी तारेचा तुकडा पिळून देणारे इसम महामार्गावर जागोजाग भेटतात. ज्या चालकाला पहाटेपर्यंत माल पोहोचवावयाचा आहे, त्याची निकड मी समजू शकतो. पण त्या तुकड्याने गाडी चालू होते ती तिच्यातला एकमेव पहारेकरी काढून टाकून, हे त्याला कोणीतरी सांगितले पाहिजे, आणि ते सांगण्याचे कर्तव्य तो तुकडा पिळणाऱ्याचे आहे.

यापुढचे काम हातांचे होते आणि पाहत राहावे असे होते. बॉनेटखालून डॅशबोर्डात जाणारे छिद्र पाडल्यावर त्याची धार कानशीने घासून तेथे रबरी ग्रोमेट बसवले. तार खाचांच्या काळ्या नळीत ओवून, सायलेन्सरच्या बाजूपासून दूर, मूळ तारांच्या जुडग्याशी ठिकठिकाणी बांधत नेली. जोडासाठी पीळ मारून वर टेप गुंडाळण्याची जी सर्रास पद्धत आहे, ती त्यांना मुळीच मान्य नाही. उष्णतेने टेपाचा डिंक पाघळतो, एका उन्हाळ्यात टेप सुटतो आणि पावसाळ्यात त्या जागी पाणी बसते. डाखही त्यांनी टाळला, कारण गाडीच्या सततच्या हादऱ्याने डाख जेथे संपतो तेथे ताठ झालेली तार तुटते. थिंबल घालून पकडीने दाबलेला जोड, त्यावर उष्णतेने आवळणारी नळी, आणि जोड केल्यावर तार जोराने ओढून पाहणे, हा त्यांचा शिरस्ता. रिले त्यांनी तोंड खाली करून बसवला, जेणेकरून घाटातले पाणी त्यात साचू नये, आणि त्याला जाणाऱ्या तारांना किंचित झोळ ठेवला, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी रिलेपाशी न पोहोचता झोळाच्या तळाशी टपकते.

अर्थच्या तारेवर त्यांनी जेवढा वेळ घालवला, तेवढा प्लसच्या तारेवर घालवला नाही. गाडीचे संपूर्ण लोखंडी अंग ही विजेच्या परतीची वाट असते. दिव्यातून गेलेला सर्वच्या सर्व प्रवाह तेथूनच बॅटरीकडे परततो. या वाटेवर रंगाचा थर असला, गंज असला, किंवा बोल्ट सैल असला, तर प्लसच्या बाजूने वाचवलेला व्होल्ट अर्थच्या बाजूने हरवतो. मंद दिव्याची तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक गाड्यांत दोष अर्थचाच निघतो, असा मिस्त्रींचा अनुभव आहे. त्यांनी चासीवरचा रंग चकाकणारे लोखंड दिसेपर्यंत खरवडला, दातेरी वॉशर घालून थिंबल आवळले आणि वरून ग्रीसचा हात फिरवला.

मग प्रश्न आला बटणाच्या तारेला प्रवाह कोठून द्यावयाचा याचा. वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या या प्रश्नात माझ्या मते या सर्व कारागिरीचा नैतिक भाग सामावलेला आहे. बटण थेट बॅटरीवरून चालवले, तर किल्ली काढल्यावरही दिवे चालू राहू शकतात, आणि साठ अँपिअर-तासांची बॅटरी रात्रीच्या मुक्कामात रिकामी होते. त्याहून गंभीर बाब समोरून येणाऱ्याची. दूरवर झोत टाकणारे जादा दिवे असतील, तर बटणाचा प्रवाह मुख्य दिव्याच्या अप्परच्या तारेवरूनच घ्यावयास हवा, म्हणजे चालकाने डिपर मारला की हुकमाची ती तारच निर्जीव होते आणि बटण चालू असूनही जादा दिवे आपोआप विझतात. समोरच्यासाठी दिवा खाली करण्याचे सौजन्य मग चालकाच्या आठवणीवर किंवा थकव्यावर अवलंबून राहत नाही. धुक्याच्या खालच्या दिव्यांची गोष्ट निराळी. त्यांना अप्परशी जोडले तर धुक्यात नको असलेला अप्परही लावावा लागेल. म्हणून त्यांची तार पार्किंगच्या दिव्यावरून घ्यावी, ज्यामुळे धुक्याचे दिवे लागले असता मागचे लाल दिवेही लागलेलेच असतात आणि पाठीमागून येणाऱ्या वाहनाला आपली जाणीव राहते. एकाच बटणाला, एकाच रिलेला, केवळ एका तारेचे उगमस्थान बदलून समंजस किंवा आडदांड करता येते.

आडदांडपणाचे प्रमाण किती वाढले आहे, हे रात्री महामार्गावरून जाणाऱ्या कोणालाही सांगावयास नको. टपावर बसवलेल्या एलईडीच्या पट्ट्या, मूळ हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात कोंबलेले एलईडीचे बल्ब, यांनी समोरच्या चालकाचे डोळे दिपतात आणि काही सेकंद त्याला काहीच दिसत नाही. एलईडी हे साधन म्हणून निर्दोष आहे, काटकसरीचे आहे, वीस वॅटचा दिवा दोन अँपिअरहून कमी प्रवाहात पुष्कळ प्रकाश देतो. परंतु हॅलोजनचा परावर्तक त्या बारीक तंतूच्या जागेवर आकारलेला असतो, आणि प्रकाशाचा उगम तिथून हलला की झोताची कड फुटून उजेड वाटेल तिकडे उधळतो. या बाबतीत कायदा मुका नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत पुढच्या दिव्याचा झोत कायमचा खाली वळलेला असावा, आठ मीटरांवर उभ्या असलेल्या आणि दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणारा नसावा, अशी तजवीज आहे. नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून पुढे शोधदिवा लावण्यास मनाई आहे. आणि मोटार वाहन कायदा, १९८८च्या ५२व्या कलमान्वये वाहनाच्या मूळ रचनेत उत्पादकाच्या नमुन्याशी विसंगत फेरफार करता येत नाही. युरोपीय नियमावलीत मोटारीच्या धुक्याच्या दिव्याची जागाही मिलिमीटरांत बांधली आहे: खालची कड जमिनीपासून किमान २५० आणि वरची कड ८००हून उंच नाही. पुण्यास १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनच्या प्रयोगशाळांत दिव्यांच्या चाचण्या होतात आणि वाहन उद्योगाची मानके तेथूनच प्रसिद्ध होतात. एवढे सर्व दप्तरात असताना ते उद्यमनगराच्या गाळ्यापर्यंत मराठीत, सोप्या आकृतीसह, एका पानावर का पोहोचू नये, हा माझा प्रश्न आहे. ज्याच्या हातून रोज दिवे बसतात, त्या कारागिराच्या भिंतीवर ते पान हवे.

नव्या मोटारींत ही कारागिरी अधिक बिकट झाली आहे. पूर्वी दिव्याची तार म्हणजे दिव्याची तार. आता अनेक गाड्यांत दिव्यांना प्रवाह देण्याचे काम एक संगणकीय पेटी करते, ती प्रत्येक मंडलातील प्रवाह मोजते, आणि मधेच कोणी तार सोलून जोड दिला तर दोष नोंदवते किंवा ते मंडल बंद करते. वेष्टनाला टाचणी टोचून टेस्ट लॅम्प लावण्याची जुनी सवय येथे महागात पडते. अशा गाड्यांपैकी पुष्कळांत धुक्याच्या दिव्यांच्या तारा कारखान्यातूनच बंपरापर्यंत आलेल्या असतात, केवळ कपलर मोकळा असतो. आधी तो शोधावा, तो नसेल तर कंपनीचाच तयार संच आणावा, आणि मूळ तारेला कात्री लावू नये, असे मिस्त्रींचे धोरण आहे. त्यांचा धाकटा मुलगा आयटीआयमध्ये मोटारीच्या विद्युतकामाचा अभ्यासक्रम शिकून आला असून, वडील तारेवरून बोट फिरवून दोष शोधतात आणि मुलगा पडद्यावर. बहुतेकदा दोघे एकाच जागी येऊन थांबतात, असे दोघांनीही मला स्वतंत्रपणे सांगितले.

दुपार कलताना टेंपोचे काम आटोपत आले. इंजिन चालू करून, दिवे लावून, मिस्त्रींनी मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या धन बाजूस आणि दुसरे दिव्याच्या प्लसला लावले. वाटेतला तोटा व्होल्टच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी भरला. मग तीच परीक्षा अर्थच्या बाजूने. चालकाला तो आकडा कळला नसावा, पण गाळ्याच्या अंधाऱ्या भिंतीवर पडलेला रुंद, वरून सरळ रेषेत कापलेला प्रकाश पाहून तो खूश झाला आणि आज रात्रीच घाट उतरतो म्हणाला. तेव्हा मिस्त्रींनी त्याला दुसरे गणित सांगितले, जे दिव्याचे नव्हते. ओल्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगातली गाडी ब्रेक लावायचे सुचून प्रत्यक्ष थांबेपर्यंत सुमारे २७ मीटर जाते, आणि ६०च्या वेगात ५० मीटरांच्या वर. दाट धुक्यात उत्तम दिवाही २५-३० मीटरांपलीकडचे दाखवीत नाही. दिवे चांगले झाले म्हणून काटा वर चढवायचा नाही, हे त्यांनी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतले.

काम तरीही पुरे झाले नव्हते. दिव्याचा झोत दहा मीटरांवरच्या भिंतीवर दिव्याच्या उंचीपेक्षा वीस सेंटिमीटर खाली यावयास हवा, आणि रिकाम्या टेंपोवर तो तसा लावला तर माल भरल्यावर गाडीचा मागचा भाग बसतो, नाक वर होते आणि झोत थेट समोरच्याच्या डोळ्यांत चढतो. म्हणून मिस्त्रींनी दिव्यांचे नट हातानेच बेताने आवळून ठेवले, पाना चालवला नाही, आणि पैसेही घेतले नाहीत.

“उद्या बाजार समितीतनं गूळ भरा आन् भरल्या गाडीनं या. भिंतीवर लाइन मारून ठेवतो. मग आवळू.”

चालकाने उद्या पाचला येतो म्हणून सांगितले. मिस्त्रींनी धाकट्याला हाक मारून, दिव्याच्या मध्यापासून जमिनीपर्यंतचे अंतर आताच मापून खडूने भिंतीवर लिहून ठेवायला सांगितले, आणि उद्या गाडी भरून आली की ते पुन्हा मापायचे, असे बजावले.